तोंडाने देणं थांबवू नका

‘उलट्या थांबेपर्यंत बाळाला तोंडाने काहीच देऊ नये’ हे लहान मुलांच्या उलट्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. लहान लेकराच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, त्यात जुलाब असले तर विचारूच नका. आमच्या सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवणीच्या पाण्यावर घर चालतं, त्यामुळे उन्हाळ्यात हा त्रास घरोघरी. माझ्या नातवालाही झाला. उलटी झाली की 10 मिनिटं थांबायचं, मग दर एक-दोन मिनिटांनी ओआरएसचा (पाकिटातली क्षार-साखरेची पूड घालून केलेल्या पाण्याचा) एकच छोटा चमचा, म्हणजे 5 मिली. तहानेने रडतंय म्हणून वाटीभर एकदम पाजलं की सगळं बाहेर येतं, आणि घरचे म्हणतात, पाणीसुद्धा पचेना! सून रात्री उशिरापर्यंत चमचा घेऊन बसली, तेव्हा पोटात टिकलं. आणि पाकीट पूर्ण, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायचं (मोठं पाकीट 1 लिटरचं, छोटं 200 मिलीचं असतं), अंदाजाने ग्लासात नाही. अंगावरचं दूधही चालूच ठेवायचं.

ओन्डान्सेट्रॉन या उलटी थांबवायच्या औषधाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, पण त्याचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच सांगावा. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नका. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, सहा-आठ तास लघवी नसेल, मूल मलूल पडलं असेल, तर घरी वाट न बघता थेट दवाखाना गाठा.