‘चौघांनी धरलं की दोन मिनिटांत होतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(नाव लिहिलेलं नाहीत, पण चाळीस वर्षं कुत्री पाळलीत असं म्हणता, म्हणून काका म्हणते. राग नसावा.)

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पंजाला हात लावला की बिथरणाऱ्या कुत्र्याची नखं हळूहळू सवय लावून कशी कापायची, यावर मी लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात : ‘मॅडम, हे फ्लॅटवाल्यांचे चोचले आहेत. चौघांनी दाबून धरलं की दोन मिनिटांत काम होतं. गावात कोणी कुत्र्याची नखं कापत बसत नाही. आणि तुमची सवय लागेपर्यंत नखं काय वाढायची थांबणार आहेत? लेख पण फार लांबलाय.’

लेख लांबला, मान्य. कटरच्या प्रकारांवरचा परिच्छेद गाळला असता तरी काही बिघडलं नसतं.

पण ‘चोचले’? तुमचा मुद्दा वेगळा असू शकतो, माझी काही हरकत नाही. पण समोरच्या बाईला ओळखत नसताना ती फ्लॅटमध्ये राहते एवढ्यावरून तिला जनावरांतलं काही कळत नाही, हे ठरवून मोकळं व्हायचं? माझे वडील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते, तालुक्याच्या गावी. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या मागे बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, मारायचे. कासरा टाकून बैल पाडायचा, चारी पाय बांधायचे, एक माणूस मानेवर बसायचा. शाळा सुटली की आम्ही तिथेच. त्यामुळे जनावर दाबून धरणं म्हणजे काय, हे निदान मला तरी शिकवायला नको. आणि तेच वडील घरच्या कुत्रीची नखं कापताना पायरीवर बसायचे, तिच्याशी काहीबाही बोलत एखाद-दुसरं नख कापायचे आणि ती उठून गेली की कटर खिशात टाकायचे. त्यांना काय चार माणसं मिळत नव्हती?

तुमची पद्धत मी प्रत्यक्षात पाहिली आहे. लग्नानंतर आम्ही बंड्या आणला, गावठी, सगळी नखं काळीकुट्ट. एका दवाखान्यात त्याला टेबलावर आडवा पाडला. एकानं मान धरली, एकानं कंबर, दोघांनी पाय. दोन मिनिटांत झालं, तुमचा हिशोब अगदी बरोबर आहे! फक्त धडपडीत कटर आत गेलं आणि शीर कापली. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, मज्जातंतू असतो. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच काळं नख कागदाएवढ्या पातळ चकत्यांनी कापत जायचं आणि दर चकतीनंतर कापलेली बाजू बघायची. आधी कोरडी, भुसभुशीत, पांढुरकी दिसते. मग मधोमध एक गडद, ओलसर ठिपका दिसायला लागतो. तिथे थांबायचं. आता चौघांच्या हाताखाली जीव खाऊन पाय ओढणाऱ्या कुत्र्याच्या नखात हा ठिपका कोण बघणार? तुम्ही बघता का?

आणि ती दोन मिनिटं फुकट नव्हती. त्यानंतर बंड्या पावसाळ्यात चिखलाचे पाय पुसू देईना. बोटांच्या बेचक्यात गोचीड बसलेली दिसायची, पण काढता यायची नाही. कटरचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला की स्वारी पलंगाखाली. पुढच्या खेपेला चौघंही पुरले नाहीत. कुत्रं आधी ओठ चाटतं, जांभया देतं, तोंड फिरवतं, अंग ताठ करतं, मग गुरगुरतं. एवढं सगळं सांगूनही कोणी ऐकत नाही हे कळलं, की ते पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावतं. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा, कुत्रं घरचं असलं तरी. मग दोन मिनिटांत काय वाचवलंत? पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मे महिन्यात असं दाबून धरलंत तर श्वासाचे वांधे होतील, ते वेगळंच.

धरूच नये असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. नख वळून पंजाच्या गादीत घुसलं असेल तर वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टरकडे न्यायचं, जाळीची मुस्की बांधायची, गरज असेल तर त्यांच्याच सल्ल्यानं आधी औषध द्यायचं. रोजच्या नखांसाठी मात्र खांद्यावरून हात खाली नेत नेत पंजापर्यंत यायचं, हात लागला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी हात, मग खाऊ, उलटं नाही. सध्याच्या चिंगीसमोर मी खराट्याची हीर कटरने कापत बसायचे, त्या कट् आवाजाची भीती जावी म्हणून. शेजारणीला वाटलं माझं डोकं फिरलंय. तुम्हालाही वाटेल, वाटू दे.

सवय लागेपर्यंत नखं वाढतात, हो, वाढतात. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फिरवा, नाहीतर फळीवर सँडपेपर चिकटवून कुत्र्याला त्यावर पंजा घासायला शिकवा. पुढच्या पायांचं काम त्यावर बऱ्यापैकी होतं. याच्यावर वाद घालण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

राहिलं गाव. दिवसभर शेतात, मुरमाच्या रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात, म्हणून कोणी कापत नाही. ते मीही लहानपणापासून बघत आलेय, नवल काय त्यात? पण पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, वर, अंगठ्याचं नख असतं. ते जमिनीला टेकतच नाही, मग झिजणार कसं? ते गोल वळत जातं, कधी कधी परत कातडीतच शिरतं. चाळीस वर्षांत तुमच्या नजरेला ते पडलं नसेल तर चौघांपैकी एकाला तरी तिथे बघायला सांगा.

नखं घासायचा ग्राइंडर वापरताना केस अडकतात म्हणून ज्या ताईंनी विचारलंय, त्यांना त्यांच्या प्रश्नाखाली उत्तर दिलंय. त्यांनी साध्या शब्दांत विचारलं, म्हणून उत्तरही चार ओळींत झालं.