लाल सूचना कोणी वाचतच नाही

देखभालीसाठी हाती आलेल्या संकेतस्थळाचे ड्रुपलमधील (संकेतस्थळे बनवण्याच्या व चालवण्याच्या प्रणालीतील) ‘उपलब्ध अपडेट’चे पान उघडले की राहिलेल्या अपडेटची सूचना देणाऱ्या लाल ओळींची रांगच समोर येते आणि कित्येक महिने त्या कोणी वाचलेल्याच नसतात, याचा मला मनापासून संताप येतो. नव्या अपडेटची तपासणी आपोआप होते, असे प्रत्येक जण सांगतो. पण ती क्रॉनवर, म्हणजे ठरावीक वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, अवलंबून असते, आणि क्रॉनच बंद पडला असेल तर ते पान जुनीच माहिती दाखवत राहते. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी मॉड्यूलच्या (संकेतस्थळाला सुविधा जोडणाऱ्या भागाच्या) मूळ कोडमध्ये परस्पर बदल करून ठेवलेले असतात, त्यामुळे अपडेट केले तर ते बदल पुसले जाणार आणि न केले तर भगदाड उघडेच राहणार, अशा कात्रीत पुढचा माणूस सापडतो.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एसक्यूएल इंजेक्शनची (डेटाबेसमध्ये घातक आज्ञा घुसवू देणारी) त्रुटी जाहीर झाली, तेव्हा सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ फोडले गेले आहे असेच समजून चाला, असे ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर बजावले होते. सात तास! आणि मला उत्तर मिळते, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ दुरुस्ती प्रसिद्ध होताच जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून हल्लेखोराला त्रुटीची नेमकी जागा सापडते, हे किती वेळा समजावून सांगायचे? सुरक्षा-अपडेट सहसा बुधवारी येतात, म्हणजे वारसुद्धा ठरलेला आहे. निदान वापरात नसलेली मॉड्यूल तरी काढून टाका, एवढीही विनंती कोणी मनावर घेत नाही.