पिंग लागला, पण कुठल्या कार्डावरून?

सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो: "ईएसएक्सआय होस्टचं नेटवर्क तपासायला तीनच गोष्टी बघा. कार्डाचा दिवा हिरवा, गेटवेला पिंग, आणि जम्बो फ्रेमसाठी ९००० साइजचं व्हीएमकेपिंग. तिन्ही जमलं की होस्ट प्रॉडक्शनला." ईएसएक्सआय होस्ट म्हणजे ज्यावर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालतात तो सर्व्हर, कार्ड म्हणजे त्याचं नेटवर्क कार्ड, जम्बो फ्रेम म्हणजे नेहमीपेक्षा मोठं पॅकेट आणि व्हीएमकेपिंग म्हणजे होस्टवरची पिंग कमांड. मेसेज वाचायला सुटसुटीत आहे. पण तिन्हींत खोट आहे.

दिव्यापासून घेऊ. हिरवा दिवा एवढंच सांगतो की केबलच्या पलीकडचं पोर्ट जागं आहे. त्या ट्रंकवर (अनेक नेटवर्क एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीवर) तुमचा व्हीलॅन, म्हणजे तुमचं वेगळं काढलेलं नेटवर्क, सोडलाय की नाही, हे दिव्याला ठाऊक नसतं. गंमत म्हणजे ईएसएक्सआयसुद्धा डीफॉल्टला याच दिव्यावर विसंबतं. फेलओव्हर, म्हणजे दुसऱ्या कार्डावर जायचं का, हे ठरवताना फक्त लिंक चालू की बंद एवढंच बघतं. स्विच रीबूट झाला आणि पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावलेलं नसेल, तर जुनं स्पॅनिंग ट्री (स्विचमधलं लूप टाळणारं तंत्र) पोर्ट उघडायला १५ आणि १५ असे ३० सेकंद घेतं. दिवा लागलेला, फेलबॅकमुळे ट्रॅफिक परत त्याच कार्डावर आलेलं, आणि पॅकेट मात्र एकही पलीकडे जात नाही. "मग बीकन प्रोबिंग लावा" असं कोणीतरी म्हणतंच, म्हणजे कार्डांनी एकमेकांना चाचणीची पॅकेटं पाठवायची. दोनच कार्डं असतील तर दोघांतलं बिघडलेलं कोणतं, हे त्यालाही कळत नाही. किमान तीन लागतात.

आता गेटवेचा पिंग. खरा घोळ इथे आहे. व्हीएमकेपिंगला 'आय' स्विच (इथे स्विच म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय) देऊन आपण व्हीएमके१ निवडतो, म्हणजे व्हीएमकर्नल पोर्ट, होस्टचं स्वतःचं आभासी पोर्ट. फिजिकल कार्ड निवडत नाही. व्हीएमनिक२ या कार्डावरून जायचं की व्हीएमनिक३ वरून, हे टीमिंग पॉलिसी (कोणतं कार्ड कधी वापरायचं ही सेटिंग) ठरवते. अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय असेल तर स्टँडबाय कार्डावरून एकही पॅकेट गेलेलं नसतं, आणि आपण खुशाल 'दोन्ही ओके' लिहून मोकळे होतो.

मीही लिहिलं होतं. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी व्हीएमनिक२ अ‍ॅक्टिव्ह, व्हीएमनिक३ स्टँडबाय. कित्येक महिने सगळं सुरळीत. एका रात्री स्विचच्या फर्मवेअरसाठी व्हीएमनिक२ ची बाजू बंद केली आणि डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा) गायब, व्हीएम एकामागोमाग एक गोठायला लागले. व्हीएमनिक३ च्या ट्रंकवर स्टोरेजचा व्हीलॅन कोणी टाकलाच नव्हता. मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळ्या स्विचवर होतं, त्यामुळे गेटवेचा पिंग त्या वेळीसुद्धा झकास चालू होता! चेकलिस्टवर सही माझीच होती.

होस्टच्या पिवळ्या-काळ्या कन्सोलवरचं 'टेस्ट मॅनेजमेंट नेटवर्क'ही तसंच. ते गेटवे आणि डीएनएस सर्व्हरला पिंग करतं, होस्टचं नाव रिझॉल्व्ह करून बघतं. स्टोरेज आणि व्हीमोशनशी (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवण्याशी) त्याचा काही संबंध नाही. व्हीमोशनला स्वतंत्र टीसीपी-आयपी स्टॅक (स्वतःची वेगळी नेटवर्क मांडणी) दिला असेल तर साधं व्हीएमकेपिंग फेल होतं, आणि बिचाऱ्या केबल बदलल्या जातात. 'एस' स्विचने स्टॅकचं नाव द्यावं लागतं, बस.

९००० चा आकडा तर सरळ चुकीचा. 'डी' स्विच ('तुकडे करू नका' असं सांगणारा) नसेल तर मोठं पॅकेट होस्टवरच तुकडे होऊन जातं आणि व्हीएमकर्नल पोर्ट १५०० वरच राहिलेलं असलं तरी उत्तर येतं. 'डी' लावून ९००० दिलं तर सगळं ठीक असूनही 'मेसेज टू लाँग' येतं, कारण आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वर चढतात. बरोबर आकडा ८९७२. साध्या १५०० एमटीयूला (एमटीयू म्हणजे पॅकेटची कमाल साइज) १४७२.

मग करायचं काय? ईएसएक्सटॉप (होस्टवर काय चाललंय ते लाइव्ह दाखवणारं साधन) उघडून 'एन' दाबा. टीम-पीनिक या रकान्यात कोणतं पोर्ट आत्ता कोणत्या कार्डावर बसलंय ते दिसतं. मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकून ईएसएक्ससीएलआय कमांडने एक कार्ड डाउन करा, रकाना बदलला का बघा, 'डी' आणि ८९७२ सह स्टोरेजला पिंग करा, कार्ड अप करा, पुढचं घ्या. पिंग लागला तरी एनएफएसचं २०४९ किंवा आयस्कझीचं (हेही नेटवर्कवरचं स्टोरेजच) ३२६० पोर्ट एनसी कमांडने तपासा. शेवटी प्रत्येक कार्डाच्या स्टॅट्समध्ये सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेटं) वाढतायत का बघा. चार छोट्या पिंगांत खराब केबल सहज निसटते.

आणि हे सगळं एसएसएचवरून नको, सर्व्हरच्या रिमोट कन्सोलवरून करा. ज्या कार्डावरून आत आलात तेच डाउन केलंत आणि दुसरं मुकं निघालं, तर रात्री दोनला डेटा सेंटर गाठावं लागेल.