पोळा झाल्यावर बैलाचं काय करायचं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकून म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ घ्या, या! वर्षभर ‘हट् लेका’ म्हणत ज्याला तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचली, त्याला एकदम अहोजाहो. हे न हसता जमलं, की जनावरांशी वागण्याचं निम्मं शास्त्र तुम्हाला आलं.

उरलेलं निम्मं ऐका.

पोळ्याला शिंगं रंगवा, झूल घाला, तोरणाखाली उभं करून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणा, पुरणपोळी चारा. डवरणीत, पिकातलं तण काढताना, सोयाबीनच्या चार पानांसाठी त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं होतं, हे त्या दिवशी आठवायचं नाही. त्याला आठवत असेल, पण तो बोलत नाही, आणि हाच तर त्याचा मोठा गुण. गडी त्याला दारोदार फिरवेल, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, गड्याच्या खिशात जाईल. बैलाला कुठे खिसा असतो?

कायद्याला भिऊ नका. प्राण्यांना निर्दयतेनं वागवू नये असा कायदा १९६० सालचा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात आज शिंगांचं बेगडही धड येत नाही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर मात्र १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून घाई नको. दुसरा गुन्हा तीन वर्षं उलटल्यावर करा.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये जनावरालाही मानानं जगायचा हक्क आहे म्हणत बैलांच्या शर्यती बंद केल्या. पुढे राज्यांनी कायदे सुधारले, २०२३ मध्ये ते न्यायालयानं मान्य केले आणि शंकरपट, म्हणजे आपली बैलांची शर्यत, रीतसर झाला. बैल पळतो म्हणजे त्याला आवडतच असणार. शेपूट पिरगाळल्यावर तुम्हीही आवडीनंच पळाल.

रोह्याचं सोपं आहे. हात जोडायचे तेव्हा नीलगाय म्हणा, तुरीत शिरला की रोही म्हणा आणि कुंपणाला झटका मशीन लावा. (तो गाय नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.)

आता खरी अडचण. बैल थकला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी, त्यामुळे बाजारात म्हाताऱ्या ढोराला कुणी विचारत नाही. घरी ठेवावं तर कुटार, म्हणजे चाऱ्याचा भुसा, लागतं. तुम्ही त्याला मारत नाही, विकत नाही, पोसतही नाही. मग पुण्याचा एकच मार्ग राहतो, त्याला मोकळं करा. त्यासाठी अंधारी रात्र बरी, आणि पोळा येतोच अमावस्येला. दोन गावं ओलांडून सोडा. घुंगरमाळ आधी काढा, एक तर ती वाजते आणि पुढच्या वर्षी लागतेही. दावं परत आणा. तिकडचा कास्तकार मोकाट ढोरांच्या नावानं ओरडला, तर त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणा, ‘लोकाईत माणुसकीच नाही राह्यली!’

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकराच्या हाती लाकडी बैल द्या, त्याला कुटार लागत नाही.

एक धोका आहे. गाडीवर तुम्ही पेंगत असताना ज्यानं कितीदा तुम्हाला घरी आणलं, तो वाट विसरत नाही. पहाटे फाटकाशी उभा दिसेल, खांद्यावर हळद तशीच असेल. फाटक उघडू नका. आवतण एकाच जेवणाचं होतं, असं आतूनच सांगा. आता ‘अहो’ म्हणायचीही गरज नाही.