सेलोसॉल्व्हने हात धुऊ नका: फिरणाऱ्या निरोपाला उत्तर

कोल्हापुरातल्या प्रिंटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक आवाजी निरोप फिरतोय. "तीस वर्षं या धंद्यात आहे" असं सांगून बोलणारा माणूस म्हणतो की सेलोसॉल्व्ह, म्हणजे स्क्रीन धुवायला वापरतात ते द्रावक, हे अल्कोहोलच, सॅनिटायझरचा भाऊ. पाण्यात विरघळतं, म्हणजे अंगात राहत नाही. थिनरसारखा पेट घेत नाही. हाताची शाई काढायला रॉकेलपेक्षा चांगलं. घरातल्या काच पुसायच्या लिक्विडमध्येही तेच असतं. वास गेला की विषय संपला. एवढं सांगूनही कुणाला भीती वाटलीच, तर सुट्टी झाल्यावर गुळाचा खडा खा आणि ग्लासभर दूध प्या.

हा निरोप माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती उद्यमनगरात एका छोट्या स्क्रीन प्रिंटिंग युनिटमध्ये काम करते. लग्नपत्रिका, पिशव्या, स्टिकर असलं काम. स्क्रीन धुवायचं काम तिच्याकडे आणि आणखी दोघींकडे. तिला तिसरा महिना चालू आहे. तिने फोनवर विचारलं, "मामा, हे खरं हाय न्हवं?" आणि विचारताना ती अगदी निर्धास्त होती. त्या निर्धास्तपणाने माझं डोकं फिरलं. शिरोली एमआयडीसीत रंगाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आहे. हे द्रावक रोजच्या कामातलं होतं, त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

हात धुण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे मुद्दे एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. सेलोसॉल्व्हने हात धुणं म्हणजे ते स्वतःहून अंगात घेणं. आपल्या कातडीचा वरचा थर स्निग्ध असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. त्याच्याखाली सगळं पाणीदार, तिथे तेल पुढे सरकत नाही. सेलोसॉल्व्हच्या घराण्यातली द्रावकं तेलातही मिसळतात आणि पाण्यातही, म्हणून दोन्ही थर सहज ओलांडतात आणि थेट रक्तात जातात. निरोपवाल्याने "पाण्यात विरघळतं" हा गुण सुरक्षिततेचा पुरावा म्हणून सांगितला. नेमका तोच गुण घात करतो. आणि जाताना हे द्रावक फारशी आगही करत नाही, फोडही आणत नाही. हात थोडे कोरडे पडतात, इतकंच. बाई म्हणते, मला तर काहीच होत नाही.

हा अंदाज नाही. नेदरलँड्समध्ये स्वयंसेवकांवर प्रयोग झाला होता. त्यात मिथाइल सेलोसॉल्व्हची (मिथाइल, इथाइल आणि ब्युटाइल या तीन प्रकारांतला एक) नुसती वाफ अंगाला लागली तरी शरीरात गेलेल्या एकूण मात्रेपैकी निम्म्याच्या आसपास कातडीवाटे गेलेली निघाली. नुसत्या वाफेची ही गत. मग भिजलेलं फडकं घेऊन कोपरापर्यंत चोळणाऱ्या बाईचं काय?

आत गेल्यावर काय होतं तेही सांगतो. दारू पचवणारं यकृतातलं एन्झाइमच मिथाइल सेलोसॉल्व्हवर काम करतं आणि त्यापासून मेथॉक्सीॲसिटिक आम्ल तयार होतं. खरं विष हे आम्ल. ते शरीरातून बाहेर पडायला इतका वेळ घेतं की तीन दिवसांनीही निम्मं अंगातच उरतं. म्हणजे सोमवारचं पुरतं गेलेलं नसताना मंगळवारचं, बुधवारचं त्यावर चढत जातं. ते मारतं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जेला, पुरुषाच्या वृषणांना आणि पोटातल्या गर्भाला. "पाण्यात विरघळतं, अंगात राहत नाही" या वाक्यावर याहून जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिने १९९१ साली मिथाइल आणि इथाइल या दोन्ही सेलोसॉल्व्हवर जाडजूड अहवाल काढला आणि कामाच्या जागी हवेत किती चालेल याची मर्यादा सुचवली. मिथाइलसाठी ०.१ पीपीएम (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग), इथाइलसाठी ०.५. दोन्हींपुढे "त्वचा" असा वेगळा इशारा. सॅनिटायझरमधल्या साध्या इथेनॉलसाठी त्याच संस्थेची मर्यादा आहे १००० पीपीएम. दहा हजार पटींचा फरक! याला सॅनिटायझरचा भाऊ कोणत्या तोंडाने म्हणायचं?

हे फक्त बायकांचं दुखणं आहे असं समजणाऱ्या पुरुषांसाठी: १९८८ साली अमेरिकेतल्या जहाजांच्या गोदीत रंगकाम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते याच दोन द्रावकांच्या संपर्कात होते, आणि शुक्राणूंची संख्या कमी असलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त निघालं. पुढे संगणकाच्या चिप बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तेव्हाही संशय याच घराण्यावर गेला. युरोपीय संघाने २०१० साली दोन्हींना अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत टाकलं. लग्न ठरलेली, नुकतीच लग्नं झालेली किती पोरं आपल्याकडे या टेबलांवर उभी असतात, ते मालक लोकांनी एकदा बघावं.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, मन नसलं तरी. सेलोसॉल्व्ह एकच नसतं. बाजारात बऱ्याचदा मिळतं ते ब्युटाइल, आणि ब्युटाइल या दोघांइतकं वाईट नाही. त्याने उंदरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, माणसाच्या पेशी तेवढ्या सहज फुटत नाहीत. काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये ते थोड्या प्रमाणात असतं हेही खरं. पण पाण्यात मिसळलेला थोडा अंश आणि कॅनमधून थेट ओतलेलं द्रावक यांची बरोबरी होत नाही. नायॉशने ब्युटाइललाही ५ पीपीएमचीच मर्यादा आणि तोच त्वचेचा इशारा दिलाय. शिवाय रिटार्डर म्हणून (शाई लवकर वाळू नये यासाठी) सुट्टा आणलेल्या, लेबल नसलेल्या कॅनमध्ये तिघांपैकी नक्की कोण आहे हे त्या निरोपवाल्याला तरी कुठे माहीत आहे?

म्हणून कॅनवरचा सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, बघा. १०९-८६-४ म्हणजे मिथाइल. ११०-८०-५ म्हणजे इथाइल. १११-७६-२ म्हणजे ब्युटाइल. पहिल्या दोनपैकी एक असेल, तर गरोदर बाईने त्या खोलीत थांबूच नये, आणि मालकाने तो माल परत करावा. क्रमांक नसेल तर पुरवठादाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. देत नसेल, तर दुसरा पुरवठादार शोधा. पर्यायही आहे. प्रॉपिलीनपासून बनवलेलं मेथॉक्सी प्रोपेनॉल, क्रमांक १०७-९८-२, बऱ्याच शाईंना चालतं आणि गर्भाच्या दृष्टीने त्याचा धोका खूपच कमी आहे. फक्त ते लवकर पेटतं, ३२ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगी पकडते, तेव्हा तिथे आगीची काळजी जास्त.

आगीचा विषय निघालाच आहे तर तोही संपवतो. थिनरच्या मानाने सेलोसॉल्व्ह उशिरा पेट घेतं, हे अर्धं खरं. ब्युटाइलला साधारण ६२ अंश लागतात, इथाइलला ४३, मिथाइलला ३९. पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती तापतं ते तिथे काम करणाऱ्याला विचारा. आणि ड्रायरशेजारी भिजलेल्या फडक्यांचा ढीग असेल तर ब्युटाइलही काही वाचवणार नाही. फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका आणि रोज बाहेर काढा.

"वास गेला की विषय संपला" हे तर साफ उलटं आहे. मिथाइलचा वास नाकाला कळेपर्यंत ०.१ पीपीएमची मर्यादा कधीच मागे पडलेली असते, आणि तासाभरात नाक सरावतं ते वेगळंच. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो. त्याआधी धुण्याच्या टेबलाला लागून, खालच्या अंगाला एक्झॉस्ट पंखा लागतो, कारण ही वाफ हवेपेक्षा जड, खाली बसणारी. छताजवळचा पंखा इथे उपयोगाचा नाही.

राहिला गूळ. कोल्हापूरच्या माणसाला गुळाविरुद्ध बोलायला जड जातं, आणि या समजुतीला थोडा आधारही आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी १९९४ साली उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गूळ दिल्यावर फुप्फुसातली कोळशाची आणि सिलिकाची धूळ बाहेर सरकायला मदत होते असं त्यात दिसलं. पण ती धूळ होती, फुप्फुसात अडकलेले कण. रक्तात मिसळलेल्या द्रावकाला गूळ काय करणार? दुधाचंही तेच. चांगलं अन्न आहे, जरूर प्या, पण आतल्या आम्लाला ते शिवतसुद्धा नाही. मालक दुधाचे पैसे देतो म्हणून हातमोजे मागायचे नाहीत, हा सौदा करू नका.

हातमोजे ब्युटाइल रबराचे हवेत. डॉक्टर घालतात तसले पातळ लॅटेक्सचे मोजे काही उपयोगाचे नाहीत, त्यातून द्रावक झिरपतं आणि आत अडकून जास्तच मुरतं. जाड नायट्राइल थोडा वेळ टिकतो, भिजला की बदलायचा. हाताला शाई लागलीच तर गोडेतेल चोळा, पुसा, मग साबण आणि पाणी. वेळ जास्त लागतो, लागू दे. कपड्यांवर सांडलं तर कपडे तिथल्या तिथे उतरवा आणि अंग पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात उडालं तरी तेच, आणि मग दवाखाना.

निरोपात नसलेली, पण मी स्वतः अनेक युनिटांत बघितलेली एक गोष्ट आहे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सेलोसॉल्व्ह भरून टेबलाखाली ठेवतात. दिसायला पाणीच. आज कुणाच्या टेबलाखाली तशी बाटली असेल तर आत्ताच उचला. चुकून कुणी प्यालं तर उलटी करायला लावू नका, दूध पाजत बसू नका. कॅनवरचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपा आणि माणसाला घेऊन सरळ सीपीआर रुग्णालय गाठा. त्रास दिसत नसला तरीही गाठा, कारण हे आम्ल तयार व्हायला काही तास जातात.