चारातला एक विकला, मग बोंब कशाला?

फुटबॉल क्लबांचं दर हंगामात तेच रडगाणं! "दुखापतींनी घात केला हो!" अरे, दुखापतींनी केला की तुमच्या हिशोबाने?

इंग्लंडच्या लिव्हरपूलचा 2020-21 चा हंगाम घ्या. प्रीमियर लीगचे गतविजेते! उन्हाळ्यात चार सेंटर बॅकपैकी (बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्यांपैकी) लोव्रेनला रशियाच्या झेनित क्लबला विकलं. बदली कुणी घेतला? छे! खास त्या जागेचे उरले तीन. व्हॅन डाइक, मातिप आणि गोमेझ. त्यातले मातिप आणि गोमेझ म्हणजे फिजिओच्या खोलीतले जुने भाडेकरू. 17 ऑक्टोबरला एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझचा. मग काय, मधल्या फळीतल्या फाबिन्योला मागे ओढा, हेंडरसनलाही ओढा! म्हणजे बचावाला ठिगळ लावायला मधल्या फळीचंच कापड फाडायचं. चेंडू हिसकावणारेच मागे बसले, तर प्रेसिंग (पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यावर दबाव) कोण करणार? गोलपोस्ट? फेब्रुवारीत हेंडरसनही जायबंदी, घ्या!

अख्खा जानेवारी हातात होता. खरेदी कधी? खेळाडू घ्यायची मुदत, म्हणजे ट्रान्सफरची खिडकी, बंद होता होता! दोन सेंटर बॅक: कबाक उसना आणला आणि डेव्हिस विकत घेतला. हा डेव्हिस लिव्हरपूलसाठी एकही अधिकृत सामना खेळला नाही. (तावदानं पुसायला आणला होता का?) इकडे लीगमध्ये घरच्या मैदानावर सलग 68 सामने न हरलेला संघ त्याच ॲनफिल्डवर ओळीने सहा हरला.

आणि शेवटी तिसरा क्रमांक मिळाला तेव्हा मागे उभं कोण? राखीव फळीतले फिलिप्स आणि ऱ्हीस विल्यम्स. त्यातल्या फिलिप्सला तर क्लबने युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीसाठी नोंदवलंसुद्धा नव्हतं!