जॉर्जला साहेब म्हणायची पद्धत आमच्याकडे नव्हती

आमचे आजोबा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. बाकी सगळे पुढारी त्यांच्यासाठी साहेब, कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस हा एकटा मात्र जॉर्ज. "जॉर्ज बोलला उद्या बंद", की गाडी बंद, मग घरात पीठ असो नसो. युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आजीच्या मसाल्याच्या डब्यांमागे दोऱ्यात ओवलेल्या असायच्या, हळदीचे डाग पडलेल्या.

फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, पाद्री व्हायला बंगळूरच्या सेमिनरीत घातलेले, ते सोडून 1949 ला मुंबईत आले, चौपाटीवर झोपले. मग गोदी, बीईएसटी, महापालिका, टॅक्सी, जिथे कामगार तिथे हा माणूस. 1967 ला काँग्रेसच्या स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडलं. 1974 चा रेल्वे संप तर सगळ्यांना माहितीच आहे, 8 मे ला सुरू, 20 दिवस चालला, मागणी बोनसची, आठ तास ड्युटीची, आणि शेवटी संप बिनशर्त मागे. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना परत कामावर घेतलं ते 1977 नंतर रेल्वेमंत्री मधु दंडवत्यांनी. हे जॉर्जभक्त सांगताना विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मंत्री झाल्यावर जॉर्ज जिथे युनियनवाला राहिला तिथे काम झालं, आणि जिथे सरकारचा वकील झाला तिथे घसरला. 1979 ला लोकसभेत मोरारजींच्या सरकारची बाजू घेऊन असं दणदणीत भाषण ठोकलं आणि लगेच राजीनामा देऊन चरणसिंगांच्या गोटात! 2002 ला गुजरात दंगलीवर केलेलं भाषण तर मला आजही वाचवत नाही, बायकांवरचे अत्याचार काय आजचे आहेत का अशा सुराचं. जन्मभर पिचलेल्यांची बाजू मांडलेला माणूस हे बोलला?

उलट सियाचीनचं बघा. बर्फात चालणाऱ्या स्कूटरची फाइल दिल्लीत अडकलेली, तर संरक्षणमंत्री जॉर्जने अडवणाऱ्या बाबूंनाच सियाचीनला पाठवलं, जा, राहून या. हा शुद्ध कारखान्याच्या गेटवरचा युनियनवाल्यांचा डाव आहे, साहेबाला एसी केबिनमधून काढून खात्यात उभा करायचा.

आणि कोकण रेल्वे. 1989 ला हाच संपवाला रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, गाडी वर्षानुवर्षं कागदावर, कारण रेल्वेकडे पैसा नाही. मग काय केलं, 1990 ला वेगळं कॉर्पोरेशन काढलं, रेल्वे इंजिनिअर ई. श्रीधरनना प्रमुख म्हणून बसवलं आणि वर्गणी काढली! केंद्र 51 टक्के, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा 6, केरळ 6, उरलेला पैसा बाजारात बाँड विकून. ज्याने 1977 ला कोकाकोला आणि आयबीएमला नियम दाखवून देशाबाहेर जायला लावलं तो आता शेटजींना बाँड घ्या म्हणतोय, म्हणून काही समाजवादी हसले असतील, पण मला त्यात आजीच्या दोऱ्यातल्या पावत्याच दिसतात. थोडं तू दे, थोडं तू दे, आणि काम उभं कर.

26 जानेवारी 1998 ला सगळी लाइन सुरू झाली. त्याआधी कुडाळला जायचं म्हणजे रात्रभर एसटी आणि कशेडी घाटात प्लास्टिकच्या पिशव्या. मे महिन्यात आजोबा पहिल्यांदा ट्रेनने गेले, मी सोबत होतो, पेपरात सगळीकडे पोखरणच्या अणुचाचण्या आणि आजोबा बोटांवर बोगदे मोजतायत. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मध्येच चहावाला आला आणि आकडा चुकला, मग माझ्यावर चिडले.

घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी पोस्टकार्ड काढलं. एकच ओळ. "प्रिय जॉर्ज, गाडी मिळाली." पत्ता लिहिला, संरक्षणमंत्री, दिल्ली.